रांडाव पुनव आणि एक शिवी



यंदाच्या व्याख्यानासाठी विषय विचारायला मंडळी घरी आली, तेव्हा मी होमिओपॅथी आणि आरोग्य असे काहीतरी सांगेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, 'रांड' या शब्दाविषयी बोलेन. चहाचे कप हातातच राहिले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या दोन रांगांत बायका असतात." मी म्हटले, त्यांना हा शब्द तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. शेवटी पत्रिकेवर 'एका शब्दाची कहाणी' असे मोघम शीर्षक छापून मार्ग काढला गेला. आता पुस्तिका छापताना पुन्हा प्रश्न आला, की या शब्दाच्या जागी फुल्या घालायच्या का. मी नको म्हटले. फुल्या घातल्या की माणूस तो शब्द मनात जास्त मोठ्याने वाचतो.

मी भाषेचा अभ्यासक नव्हे. निपाणीत पस्तीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवतो आहे, साबुदाण्याएवढ्या गोळ्या देतो. पण आमच्या पद्धतीत एक शिस्त आहे. हानेमान यांनी 'ऑर्गनॉन'मध्ये सांगून ठेवले आहे की रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, वैद्याने आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. डोके दुखते, ठणकते की फुटते, यावर औषध बदलते. त्यामुळे माझ्या कपाटातल्या केसपेपरांत निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कागल या पट्ट्यातल्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, शब्द जसेच्या तसे पडून आहेत. एका बाईने सांगितले होते, "मालक गेल्यापासनं हात हलकं वाटत्यात." मी मज्जातंतूंचा विचार करत प्रश्न विचारत सुटलो. मुंग्या येतात का, रात्री जास्त होते का. ती बांगड्यांविषयी बोलते आहे हे माझ्या ध्यानात यायला दुसरी खेप लागली.

आता मूळ गोष्ट सांगतो. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे पुड्या बांधायला एक मुलगा होता. चुणचुणीत, पण वेंधळा. त्याला हाक मारताना मी सर्रास "अरे रांडेच्या" म्हणत असे. तुमच्यापैकी जे या भागात वाढले आहेत त्यांना सांगायला नको, की ही आमच्याकडे शिवी म्हणून कमी आणि लाडाने जास्त म्हटली जाते. माझे चुलते मला असेच हाक मारत. मित्र बऱ्याच दिवसांनी भेटला की पाठीत धपका घालून पहिला शब्द हाच. बायकाही आपापसांत "काय गं रांडे, इसरलीस व्हय" म्हणतात आणि हसतात. रागाने म्हटले तर शिवी, हसून म्हटले तर माया. तेव्हा मी माझ्या मते त्या मुलावर मायाच करत होतो.

त्याची आई विड्या वळायची. निपाणीत हे वेगळे सांगण्यासारखे नाही. तंबाखू आणि विडी यांवर आमचे अर्धे गाव जगले. एकदा ती खोकला घेऊन दवाखान्यात आली. तपासून झाले, पुड्या घेतल्या, उठता उठता म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुमी पोराला रांडंच्या म्हंतासा. त्येचा राग न्हाई. पर दुसऱ्या पोरास्नी म्हटलं तर ती शिवी हुतीया. ह्येला म्हटलं तर खरंच हुतंय न्हवं?"

तिचा नवरा मुलगा तीन वर्षांचा असताना गेला होता. हे मला माहीत होते. मला माहीत नव्हता तो शब्दाचा अर्थ. म्हणजे, माझ्या डोक्यात रांड म्हणजे वेश्या, आणि तोही अर्थ झिजून गेलेला. त्या बाईच्या डोक्यात रांड म्हणजे नवरा मेलेली बाई. पुढे मी कोश काढून बघितले तेव्हा दिसले, की सातवीसुद्धा न शिकलेल्या त्या बाईचा अर्थ पक्का होता आणि माझा अर्धा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची मोठी आवृत्ती १८५७ साली निघाली, तो बघा. विधवा आणि वेश्या हे दोन्ही अर्थ तिथे एकाच शब्दाखाली शेजारी शेजारी बसले आहेत, आणि सोबत बाईमाणसाला तुच्छतेने म्हणायचा शब्द हा तिसरा. आपल्या जुन्या मराठीत रांडणे हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ विधवा होणे, एवढाच. रांडमुंड म्हणजे विधवा होऊन केस काढलेली. रंडकी म्हणजे विधवा. रांडापोरे म्हटले की घरातली सगळी बायकामुले. तुकोबांच्या अभंगांतही हा शब्द येतो आणि आपण तो कीर्तनात निमूट ऐकतो, तेव्हा पुढच्या रांगांची काळजी कुणी करत नाही.

संस्कृतात 'रण्डा' हा शब्द विधवेला आणि शिवी म्हणून बाईला, असा दोन्ही ठिकाणी येतो. त्याचा पुल्लिंगी भाऊ 'रण्ड'. कोशांत त्याचे अर्थ दिले आहेत ते असे: अपंग, उणा, मुलगा न होता मेलेला पुरुष, फळ न धरणारे झाड. म्हणजे शब्दाच्या मुळाशी वागणुकीचा काही संबंधच नाही. चारित्र्य हा विषयच नाही. उणेपण आहे. जिच्यात काहीतरी कमी पडले ती. पंजाबीत आजही रंडा म्हणजे बायको गेलेला पुरुष आणि रंडी म्हणजे नवरा गेलेली बाई, आणि आजी-आजोबा ते सहज बोलतात. हिंदीत मात्र दोन रूपांनी वाटणी करून घेतली: रांड विधवेकडे गेली, रंडी बाजारात गेली. मराठीत एकाच शब्दाला दोन्ही घरची धुणी धुवावी लागली.

गंमत म्हणजे आपला शिष्ट शब्द 'विधवा', जो आपण सभ्यपणाने वापरतो, तोही याच विहिरीतले पाणी. आपल्याला शाळेत शिकवतात, वि म्हणजे विना आणि धव म्हणजे नवरा. भाषापंडित सांगतात ते उलटे आहे: विधवा हा शब्द आधीचा, ऋग्वेदापासूनचा, आणि त्याची अशी फोड करून 'धव' मागाहून तयार झाला. मूळ शब्द रिते होणे, तुटणे या अर्थाच्या धातूकडे जातो, आणि तो लॅटिनमधल्या 'विदुआ'चा आणि इंग्रजीतल्या 'विडो'चा सख्खा नातेवाईक आहे. युरोपपासून बेळगावपर्यंत एकच कल्पना: रिकामी झालेली बाई.

इथे सीमाभागातला माणूस म्हणून एक बाजूची गोष्ट सांगतो. आमच्याकडे मराठी आणि कानडी यांचे पाटीच्या अक्षरांपासून सगळ्यावर भांडण आहे, पण शिवीवर एकमत आहे. कानडीत 'रंडे' आहेच, तो संस्कृतातून आला. शिवाय 'मुंडे' आहे, म्हणजे मुंडण केलेली. आणि 'बोळी' आहे, म्हणजे बोडकी. 'बोळी मगा' ही शिवी बेळगावच्या बाजारात उभे राहिलात तर दुपारपर्यंत चार वेळा ऐकू येईल. मग म्हणजे मुलगा. बोडकीचा मुलगा. शब्दशः आपलेच 'रांडेच्या'. तेलुगू आणि तमिळमध्येही 'मुंड' ही बायकांना द्यायची शिवी आहे. इतक्या भाषांनी बाईला शिवी द्यायला आपापल्या कोठारात हात घातला आणि प्रत्येकीच्या हाताला विधवाच लागली.

आणि पुरुषाला शिवी द्यायची तरी त्याच्या आईलाच गाठावे लागते. 'रांडेच्या' मधल्या त्या 'च्या' कडे लक्ष द्या. शिवी देणाऱ्यासमोर उभा आहे तो मुलगा, पण शब्द लागतो घरी बसलेल्या बाईला. याचा अर्थ जाणकार दोन तऱ्हांनी लावतात. बापाविना वाढलेला, म्हणून बेशिस्त, हा एक. नवरा गेल्यानंतर झालेला, म्हणजे कुणाचा ते विचारू नका, हा दुसरा. दोन्हींत मेलेल्या बापाचा उल्लेख नाही आणि दुसऱ्या अर्थातल्या जिवंत बापाचा तर नाहीच नाही. बायको गेलेल्या पुरुषावरून मराठीत अशी शिवी नाही. रंडका हा शब्द आहे, पण तो कीव करायला. एरवी तो विधुर, आणि वर्षाच्या आत बिजवर.

आता मी तुम्हाला सौंदत्तीला नेतो, कारण हा शब्द शिवी होण्याआधीच्या रूपात जर कुठे जिवंत असेल तर तो आपल्या बेळगाव जिल्ह्यात, यल्लमाच्या डोंगरावर आहे.

तुमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सौंदत्तीला जाणारे असतील. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आपल्याकडे, कोल्हापूर भागातही, 'रांडाव पुनव' म्हणतात. कानडीत 'रंडे हुण्णिमे'. जमदग्नी मारला गेला, रेणुका विधवा झाली, तो हा दिवस. देवीचा चुडा फुटतो, तिच्यासोबत जोगतिणी आपले चुडे फोडतात, कुंकू पुसतात. मग माघी पौर्णिमेला 'अहेव पुनव', कानडीत 'मुत्तैदे हुण्णिमे'. देवी पुन्हा सौभाग्यवती होते, चुडे भरले जातात. पंचांगातल्या दोन पौर्णिमांना लोक ही नावे रोजच्या बोलण्यात घेतात, आजी नातवाला "रांडाव पुनवंला जाऊन यायचं हाय" असे सांगते, आणि त्यात कुणाला शिवी ऐकू येत नाही. कारण तिथे ती नाहीच. तिथे शब्दाचा अर्थ दुःख एवढाच आहे.

'अहेव' हा शब्दही उलगडून बघण्यासारखा आहे. तो 'अविधवा' वरून झिजत आला. आपण त्याला किती मंगल मानतो! अहेव मरण येवो म्हणून बायका नवस करतात. पण शब्दाचा अर्थ काय, तर 'विधवा नसलेली'. नवरा असणाऱ्या बाईलाही भाषेने स्वतःचे नाव दिले नाही. तिला म्हटले, अजून नाही झाली.

त्या मुलाच्या आईला मी पुढे एकदा विचारले, सौंदत्तीला जाता का. म्हणाली, नवरा होता तोवर जात होते. "यल्लमाचा चुडा फुटतो, पर दोन म्हैन्यानं भरत्यात की. माणसाचं तसं न्हाई." मी हे तिच्या केसपेपरवर लिहिले. खोकल्याशी त्याचा संबंध नव्हता, पण लिहिले.

आता कळीचा प्रश्न. विधवा या अर्थावरून शब्द वेश्येकडे कसा गेला? कोशात दोन अर्थ शेजारी छापणे सोपे आहे. त्यांच्या मधली भिंत कुणी पाडली?

सौंदत्तीच्याच डोंगरावर याचे अर्धे उत्तर आहे. यल्लमाला सोडलेल्या मुलींचे लग्न देवीशी लागते. देवाशी लग्न लागलेली बाई कधी विधवा होत नाही, म्हणून तिला 'नित्यसुमंगली' म्हणत, शुभकार्यात तिला मान असे. पण तिला माणसातला नवरा नाही. आणि दुसरीकडे विधवा, तिलाही नवरा नाही. एकीचे कुंकू कधी पुसायचे नाही आणि एकीचे पुसून टाकलेले, पण गावाच्या नजरेत दोघींची जागा एकच: दारात विचारणारा पुरुष नसलेली बाई. जिच्या दारात कुणी नाही ती सगळ्यांची, असा हिशेब गावाने केला आणि दोघींना एकाच शब्दात बसवले. म्हणून मी म्हणतो, हा शब्द बायकांच्या वागण्याची नोंद नाही. तो गावाच्या वागण्याची नोंद आहे, फक्त वहीवर नाव बाईचे घातले आहे. तमिळमध्ये 'देवर अडियाळ', म्हणजे देवाची सेविका, या शब्दाचे काय झाले ते चेन्नईला राहून आलेल्यांना विचारा. ती आज तिथली सगळ्यांत घाणेरडी शिवी आहे. इंग्रजांनीही 'हाउसवाइफ' या शब्दाच्या जुन्या रूपातून 'हसी' काढली, म्हणजे उठवळ बाई. गृहिणीची ही गत, तर इतरांचे काय.

देवाला मुली सोडण्याविरुद्ध आपल्या भागात कायदे झाले ते उशिरा नाहीत. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० साली केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते. कर्नाटकाचा १९८२चा. कायदे होत गेले आणि शब्द तोच राहिला.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग पुण्यात सापडतो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. म्हणजे काय, याचा आपण शांतपणे विचार करत नाही. घरातल्या, नात्यातल्या, शेजारातल्या पुरुषांकडून दिवस गेलेल्या तरुण विधवा इतक्या होत्या, आणि जन्मलेले मूल मारून टाकण्याची वेळ त्यांच्यावर इतकी वारंवार येत होती, की त्यासाठी घर काढावे लागले. त्या बाईला गाव काय म्हणत असेल ते सांगायला नको. ज्याने हे केले तो मात्र ओसरीवर पानसुपारी खात बसलेला. शब्दाचे दोन अर्थ असे एका माजघरात एकत्र आले.

काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतला. यशवंत. कोशाप्रमाणे, अक्षरशः, रांडेचा. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्या गेल्या; यशवंतही डॉक्टर म्हणून त्या कामात होता. मी हे वाचले तेव्हा माझ्या पुड्या बांधणाऱ्या मुलाची आठवण झाली आणि बराच वेळ पुस्तक पुढे सरकले नाही.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर लेखच लेख आले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आली. त्यांचा सारा प्रश्न एवढाच होता, की जे दोघांनी केले त्याचे नाव एकीलाच का? आज त्या पुस्तकाची भाषा वाचताना कळते की बाई चिडली की मराठी किती सरळ होते.

आता माझ्या समाजाकडे वळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, डॉक्टर पुण्याचे दाखले देऊन स्वतः मोकळे झाले.

आम्हा जैनांत केसांचा एक वेगळा अर्थ आहे. मुनी आणि आर्यिका स्वतःच्या हाताने केशलोच करतात. आर्यिकेच्या डोक्यावर केस नसतात, अंगावर पांढरे वस्त्र, हातात बांगडी नाही, कपाळ मोकळे. तिच्यासमोर आम्ही वाकतो, 'माताजी' म्हणतो. तेच मोकळे कपाळ, तेच पांढरे लुगडे, तेच रिकामे हात विधवेचे असले तर शुभकार्याला तिने मागच्या दाराने यावे. दिसायला दोघी सारख्या. फरक एवढाच, की एकीने सोडले आणि एकीकडून काढून घेतले. विधवांचे केशवपन मुख्यतः ब्राह्मण घरांतले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळी जमली आणि आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. बाईच्या बाजूने ही सभा भरवली ती वस्तरा धरणाऱ्यांनी, हे मला नेहमी विशेष वाटते.

आमच्या दक्षिणेकडच्या चतुर्थ, पंचम अशा जैन समाजांत विधवेला पुन्हा लग्नाची मुभा परंपरेने होती, हे डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाच्या आपल्या १९५९च्या ग्रंथात नोंदवले आहे. मराठीत पाट किंवा मोहतूर, कानडीत उडकी. शेतकरी घरांत ते सहज होई. पण शिकून, पैसा येऊन वर चढलेल्या घरांना ते कमीपणाचे वाटू लागले. निपाणीजवळ स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिने वसतिगृहे काढली, त्या शिक्षणाच्या वाटेनेच माझ्यासारखे डॉक्टर झाले. पण शिक्षणासोबत वरच्या जातींच्या चालीही आम्ही उचलल्या. माझी आजी ऐन तिशीत विधवा झाली. तिच्या आईच्या पिढीत तिची उडकी झाली असती. तिच्या पिढीत घराची इज्जत आडवी आली. ती अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारली, आणि आयुष्यभर सुनांना, नातींना, म्हशीला, मांजरीला, सगळ्यांना 'रांडे' म्हणत राहिली. लहानपणी आम्ही हसायचो. तिने तो शब्द स्वतःवरून उचलून सगळ्यांना वाटून टाकला होता की काय, असे आता मनात येते. तिला विचारायला हवे होते, ते राहिले.

जाता जाता आणखी एक. पद्मावती, ज्वालामालिनी या आमच्या यक्षिणी, तीर्थंकरांच्या शासनदेवता. पण यक्षिणीचेच मराठी रूप 'जखीण', आणि जखीण म्हणजे बाईचे भूत. सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी षष्ठी, ती झाली 'सटवी'. माझ्याकडे बाळंतीण येते, दंडावर सटवाईचा दोरा असतो, आणि सोबत आलेली सासू तिला सटवी म्हणून फटकारत असते. एकाच खोलीत.

शब्द बदलून काही होते का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. दोन बाजूंची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सुचवले की सरकारी कागदात विधवेऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावे. तुमच्या घरातल्या जुन्या पत्रांत, लग्नपत्रिकांत 'गं. भा.' असेल. आदराचाच शब्द, पण पत्र फोडणाऱ्याला आधी नवरा गेला हे सांगतो आणि मग नाव. बायकांच्या संघटनांनी टीका केली ते मला पटले. कडू औषधाच्या बाटलीवर गुलाबाचे चित्र लावण्यासारखे ते झाले असते.

दुसरे उदाहरण निपाणीपासून लांब नाही. शिरोळ तालुक्यातले हेरवाड. २०२२च्या मे महिन्यात, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. त्यात शब्दाबद्दल एक अक्षर नाही. पण ज्या बाईच्या हातात बांगड्या आहेत तिला गाव कशावरून रांड म्हणणार? शब्दाला धरायला जागा उरत नाही. माझ्या हिशेबाने हा लक्षणावर नव्हे, रोगावर उपचार. ठराव किती घरांत पाळला जातो ते गावात जाऊन बघावे लागते. स्मशानातून घरी आलेल्या बाईला ग्रामपंचायतीचा ठराव कुणी वाचून दाखवत नाही, आणि पुढे सरसावणाऱ्या हातांत बायकांचेच हात जास्त असतात, हेही मी पाहिले आहे.

आपल्या सीमाभागात तर आणखी एक घोळ आहे, त्याची गंमत तुम्ही रोज अनुभवता. मराठीत 'सौ.' म्हणजे नवरा असलेली आणि 'श्रीमती' म्हटले की बहुतेकांच्या मनात विधवा. कानडीत 'श्रीमती' म्हणजे लग्न झालेली. त्यामुळे बेळगावच्या एखाद्या कार्यालयातून आपल्या घरच्या सुनेच्या नावे 'श्रीमती' लिहिलेले पत्र आले की सासूच्या छातीत धस्स होते. एका आजींनी असे पाकीट पोस्टमनला परत दिलेले मला माहीत आहे.

त्या मुलाला मी त्या दिवसानंतर नावाने हाक मारू लागलो. सुरुवातीला त्यालाच चुकल्यासारखे व्हायचे, एकदोनदा त्याने विचारलेही, साहेब रागावलाय काय. तो पुढे औषधांच्या दुकानात लागला, स्थिरावला. लग्न ठरले तेव्हा पत्रिकेचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. निमंत्रक म्हणून चुलत्याचे नाव होते. मी विचारले, आईचे का नाही? म्हणाला, घालायचे आहे, पण नावाच्या आधी काय घालायचे यावर घरात भांडण आहे. चुलते म्हणतात गं. भा., बहीण म्हणते श्रीमती, आणि आई म्हणते माझे नावच नको. आम्ही दोघांनी मिळून आईचे नाव सर्वांत वर लिहिले आणि त्याच्या आधी काहीच लिहिले नाही.

संध्याकाळी छापखान्यातून फोन आला. "डॉक्टर, मसुद्यात बाईंच्या नावाआधी काय तर राहिलंय काय?"

मी म्हटले, "न्हाई. तेवढंच हाय."